कॅरमसाठी केलेला अर्ज

आमच्या कॉलेजच्या बस खरं तर कॉलेजच्या नव्हत्याच, कंत्राटाच्या होत्या. सकाळी आम्हाला सांगवी, कासारवाडी, भोसरी असं वेचत चाकणच्या पुढे नेऊन सोडायचं आणि दुपारी कुठल्यातरी कंपनीच्या पहिल्या शिफ्टची माणसं घरी पोचवून मग आम्हाला न्यायला यायचं, असा त्यांचा दिवस. एरवी हे जमून जायचं. चारला कॉलेज सुटलं की सव्वाचारला बस फाटकात उभी असायची. पावसाळ्यात मात्र मोशीपासून पुढे ट्रेलरच्या रांगा लागत, खड्डे पाण्याखाली जात आणि बस कधी साडेपाचला येई, कधी साडेसहाला. ग्रुपवर ड्रायव्हरचा निरोप यायचा, 'अडकलोय'. एवढंच. कुठे अडकलाय आणि किती वेळ, ते विचारायची सोय नव्हती.

हे दोन-अडीच तास काढायचे कुठे? मैदानात घोट्याएवढा चिखल. कँटीनमध्ये पत्र्यावर पावसाचा असा आवाज की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नसे. लायब्ररी चारला बंद. राहता राहिला हॉल. पाटीवर त्याचं नाव 'विद्यार्थी उपक्रम केंद्र' असं होतं, पण ते कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. हॉलमध्ये एक टेबल टेनिसचं टेबल होतं, बुद्धिबळाचे तीन पट होते आणि दोन कॅरम होते. त्यातल्या एका कॅरमचा कोपरा ओल लागून फुगला होता, त्यामुळे खेळण्यासारखा कॅरम एकच. बुद्धिबळाच्या एका पटावर काळ्या उंटाच्या जागी पाण्याच्या बाटलीचं झाकण असायचं. कोपऱ्यात कोणीतरी गिटार घेऊन एकाच गाण्याची सुरुवात पुन्हा पुन्हा वाजवत बसलेला असे. ओल्या मोज्यांचा वास, वेफर्सची पाकिटं, टेबल टेनिसच्या चेंडूची टकटक, बाहेर धो धो पाऊस. आज आठवलं तरी वाटतं, चार वर्षांत कॉलेज म्हणून जे काही मला मिळालं ते त्या खोलीतच. आणि त्याच खोलीने मला जितकं चिडवलं तितकं दुसऱ्या कशानेही नाही.

मी तिसऱ्या वर्षाला होते. माझ्या वर्गातली एक मैत्रीण रोज माझ्याबरोबर हॉलमध्ये थांबायची. तिला बसची गरज नव्हती. तिचं घर चाकण गावातच, शेअर रिक्षाने वीस मिनिटांवर. तिच्या अब्बांचं तिथे गॅरेज होतं, तिच्या आजोबांनी सुरू केलेलं. पावसात गाड्यांचं काम मंदावलं की गॅरेजमध्ये कॅरम मांडला जायचा आणि ती पाच-सहा वर्षांची असल्यापासून अब्बांच्या समोर स्टुलावर बसून खेळायची. पुढे गॅरेज वाढलं, कॅरमच्या जागी गाड्या धुवायचा रॅम्प आला आणि खेळ संपला. हे तिने मला पहिल्या वर्षी अगदी सहज सांगितलं होतं. ती थांबायची ती कॅरमसाठी. मी बससाठी थांबायचे आणि तिच्यामुळे मलाही कॅरमची गोडी लागली होती, पण मी खेळायचे यथातथाच.

हॉलमधला नियम असा की जिंकेल ती जोडी बसून राहील, हरेल ती उठेल. ऐकायला नियम न्याय्य आहे. पण शेवटच्या वर्षाची चार मुलं त्या कॅरमभोवती जुलैपासून जी बसली ती बसलीच. हरलेली जोडी उठायची, पाणी पिऊन यायची आणि पुन्हा बसायची. "आमचा नंबर आहे," असं मी म्हटलं की त्यांच्यातला एक उंच, दाढीवाला मुलगा अगदी गोड बोलायचा. या की, बसा, कोण नाही म्हणतंय, एवढा शेवटचा डाव. तो शेवटचा डाव कधी संपल्याचं मी पाहिलं नाही. उद्धटपणा केला असता तर भांडता आलं असतं. त्या गोड बोलण्याचं काय करायचं ते मला कळत नसे.

माझी मैत्रीण भांडायची नाही. ती कॅरमच्या कडेला उभी राहून बघायची. मग चौघांतला एखादा चहाला गेला किंवा कोणाचा फोन आला की तिला हाक मारायचे, "ये गं, जरा बदली बस." ती लगेच बसायची. पावसाळ्यात बोर्ड जड होतो, पावडर कितीही टाकली तरी सोंगटी मध्येच थांबते. बाकीचे जोर लावून स्ट्रायकर मारत आणि सोंगट्या उडवत. ती मात्र आधी तळहाताने बोर्डावरून हात फिरवायची, कुठे ओल धरली आहे ते बघायची आणि त्याप्रमाणे मारायची. तिचा स्ट्रायकर आवाज न करता जायचा. एकदा तिने समोरच्या जाळीत जाणारी सोंगटी सोडून, कडेला चिकटलेली सोंगटी उलटी आणून आपल्याजवळच्या जाळीत घातली, तेव्हा तो दाढीवाला नुसता तिच्याकडे बघत राहिला. म्हणाला, "राव, ही कुठे शिकली?" ती हसली आणि पुढची सोंगटी घेतली. तेवढ्यात चहाला गेलेला परत आला आणि ती उठली. डाव अर्धा होता. तिच्या तीनच सोंगट्या उरल्या होत्या.

मला ते सहन झालं नाही. तिला झालं. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि राणी कशी अडकली होती ते मला सांगू लागली. मी ऐकत नव्हते. मी म्हणाले की तुला ते बदली म्हणून वापरतात, तुला कळत कसं नाही? ती म्हणाली, कळतं. पण खेळायला मिळतं ना.

मी हॉल सांभाळणाऱ्या सरांकडे गेले. ते आमच्याच मेकॅनिकलला शिकवायचे, हॉल त्यांच्या गळ्यात पडला होता आणि तो कसा झटकावा याच विचारात ते असत. मी म्हटलं, मुलींसाठी कॅरमची वेगळी वेळ ठेवा. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी हॉलच्या दारावर कागद लावला. मुलींसाठी राखीव वेळ, दुपारी तीन ते पावणेचार. तीन ते चार आमचं प्रॅक्टिकल असायचं. आमचंच नाही, सगळ्याच वर्गांचं काही ना काही असायचं. मी परत गेले. सर म्हणाले, "तुम्ही वेळ मागितली, मी दिली. आता ती वापरायची की नाही ते तुमच्यावर." त्यांच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचा ढीग होता, त्यात त्यांनी डोकं घातलं.

त्या दिवसापासून परिस्थिती आणखी बिघडली. आता मी नंबर मागितला की मुलं दारावरच्या कागदाकडे बोट दाखवायची. तुमची वेळ वेगळी आहे ना, भावा, मग आमच्या वेळेत कशाला? मला 'भावा' म्हणून वर हसायची. मैत्रिणीला मात्र बदली बोलावणं चालूच होतं. कागद तिला लागू नव्हता, बहुतेक. बस उशिरा, पाय ओले, पोटात भूक आणि समोर हे. घरी गेल्यावर मी आईला सांगितलं. आई शाळेत शिकवते. ती म्हणाली, तोंडी बोलून काही होत नाही, लेखी दे.

म्हणून मी अर्ज लिहिला. प्राचार्यांना. हॉलचा वापर ठरावीक विद्यार्थीच करतात, मुलींना संधी मिळत नाही, दिलेली वेळ तासिकेच्या वेळेशी जुळत नाही, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. खाली सह्यांसाठी जागा सोडली. दोन दिवस वर्गावर्गांत फिरून मी चौदा मुलींच्या सह्या घेतल्या. त्यांतल्या निम्म्या हॉलकडे कधी फिरकतही नव्हत्या, पण त्यांनाही हे पटलं. मैत्रिणीची सही मी शेवटी मागितली, कारण ती नक्की मिळणार हे मी धरूनच चालले होते.

तिने कागद पूर्ण वाचला. पेन हातात घेतलं, पण सही केली नाही.

"तुला खेळायचंय की भांडायचंय?" तिने विचारलं.

मी म्हणाले, भांडल्याशिवाय खेळायला मिळणार नाही. तुझ्यासाठीच करतेय ना सगळं. सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात, तिने सही केली. तो कागद माझ्या हातात देताना तिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं, हे मला तेव्हा जाणवलं होतं. तरीही मी तशीच ऑफिसात गेले आणि अर्ज देऊन आले.

तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी दुपारपासून असा पाऊस लागला की समोरची इमारत दिसेना. पाचला हॉल गच्च भरला होता. सगळ्या बस अडकलेल्या. टेबल टेनिसला आठ जण एका वेळी गोल फिरत खेळत होते, जमिनीवर चिखलाचे बूट, कॅरमखाली पावडरचा पांढरा थर, छताच्या गळतीखाली बादली, आणि गिटारवाल्याभोवती वीस-एक मुलं टाळ्या वाजवत गात होती. फार छान वाटत होतं, खोटं कशाला सांगू. माझी मैत्रीण त्या दिवशी कॅरमवर चक्क पाऊण तास बसली होती, कारण चौघांतला एक आलाच नव्हता. ती दाढीवाल्याची जोडीदार होती आणि ती जोडी हरत नव्हती.

तेवढ्यात दारात प्राचार्य आले. मागे सर. त्यांच्या मागे छत्री घेतलेले शिपाई, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. प्राचार्यांनी बादली पाहिली, चिखल पाहिला, पावडर पाहिली. टेबल टेनिसचा चेंडू ट्यूबलाइटला लागून त्यांच्या पायाशी येऊन थांबला. तो त्यांनी उचलला, पण परत दिला नाही. मला वाटलं, आता ते विचारतील, अर्ज कोणाचा आहे, मुलींचं काय म्हणणं आहे. मी पुढेही झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरांना एवढंच म्हणाले, "तक्रार बरोबर आहे. नियमावली तयार होईपर्यंत हे बंद करा."

दहा मिनिटांत हॉल रिकामा झाला. मामांनी कुलूप लावलं. कॅरमवर डाव तसाच मांडलेला राहिला.

अर्ज कोणी केला हे संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलेजला कळलं. दुसऱ्या दिवसापासून पाऊस चालू आणि दीड-दोनशे मुलं व्हरांड्यात, जिन्यावर, पार्किंगच्या शेडमध्ये उभी. मी गेले की बोलणं थांबायचं. दाढीवाला मुलगा एकदाच बोलला. तोही चिडून नाही, नेहमीच्याच गोड आवाजात. म्हणाला, आमचं शेवटचं वर्ष होतं गं. ज्या मुलींनी सह्या केल्या होत्या त्यांतल्या एकीने मला विचारलं की माझं नाव काढून टाकता येईल का.

मी मामांना गाठलं. निदान पाऊस असेल तेव्हा तास-दोन तास उघडा, अशी विनवणी केली. मामा तिथल्याच जवळच्या गावचे, आमच्याशी नेहमी मायेने वागायचे. म्हणाले, "साहेब न्हाई म्हणल्यावर माझ्या हातात काय हाय, पोरी? किल्लीबी सरांच्या ड्रॉवरमधी हाय." मग मी ऑफिसात गेले, अर्ज मागे घ्यायचा म्हणून. तिथल्या क्लार्कने रजिस्टर उघडून दाखवलं. अर्जाला आवक क्रमांक पडला होता. आता तो परत देता येत नाही, मागे घ्यायचा असेल तर तसा दुसरा अर्ज करा, त्यावर पुन्हा सगळ्या पंधरा जणींच्या सह्या लागतील. मी दुसरा अर्ज लिहिला. सह्या अकराच मिळाल्या. तोही अर्ज कुठेतरी जाऊन पडला.

मैत्रीण आता चारला घरी जाऊ लागली. थांबून करणार काय? बोलायची, पण वर्गापुरतं. आधी प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ती कॅरमच्या चौकटी काढायची आणि कुठला कोन घ्यायचा ते मला दाखवायची. ते बंद झालं. मी एकदा तिला म्हणाले की सरांनी मुद्दाम केलं हे, आपली चूक नाही. ती म्हणाली हो. मी म्हणाले, प्राचार्यांनी अर्ज नीट वाचलाच नसणार. त्यालाही ती हो म्हणाली. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. संध्याकाळी मी एकटी फाटकाजवळ छत्रीत उभी राहून बसची वाट बघायचे आणि मनातल्या मनात प्राचार्यांना, सरांना, त्या चौघांना उत्तरं देत राहायचे. उत्तरं चांगली सुचायची. ऐकायला कोणी नव्हतं.

नियमावलीसाठी समिती नेमली आणि अर्ज माझा म्हणून विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून मलाच घेतलं. पहिली बैठक सर रजेवर असल्यामुळे रद्द झाली. दुसऱ्या बैठकीला मी आणि एक मॅडम, दोघीच आलो आणि चहा पिऊन उठलो. तिसऱ्या बैठकीत नियम झाले. पावडर मर्यादित. बूट बाहेर. ओळखपत्र जमा करायचं. रजिस्टरमध्ये येण्याची आणि जाण्याची वेळ लिहायची. एका जोडीला सलग दोनच डाव. हा शेवटचा नियम माझा होता, आणि तो मंजूर झाल्यावर मला जो आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही.

हॉल दिवाळीनंतर उघडला. आकाश निरभ्र, मैदान खडखडीत वाळलेलं, बस सव्वाचारला फाटकात. सगळं कॉलेज क्रिकेट खेळत होतं. पहिल्या दिवशी हॉलमध्ये मी, माझी मैत्रीण आणि दारात खुर्ची टाकून बसलेले मामा, एवढेच तिघे. बस सोडायची, नंतर पीएमटीच्या बसने घरी जायचं, असं ठरवून मी मुद्दाम थांबले होते. आम्ही ओळखपत्रं जमा केली, वेळ लिहिली आणि समोरासमोर बसलो. तीन डाव झाले; दोनचा नियम लावायला रांगेत कोणी नव्हतंच. तिन्ही मी वाईट हरले. एका डावात तर माझी एकच सोंगटी गेली, तीसुद्धा तिच्याच स्ट्रायकरने.

तिसऱ्या डावानंतर सोंगट्या मांडता मांडता मी म्हणाले की माझ्यामुळे तुझा पावसाळा गेला.

ती सोंगट्या मांडतच राहिली. "तुझं म्हणणं चूक नव्हतं," ती म्हणाली. "पण मला तेवढंच मिळत होतं."

मग तिने बोर्डावर बोट टेकवून म्हटलं की आता हा फार हलका झालाय, नुसता स्पर्श केला तरी सोंगटी पळते, पावसात खेळायला मजा यायची. आणि मला ब्रेक करायला सांगितला.

पुढचा पावसाळा आमचा शेवटच्या वर्षाचा. तो दाढीवाला आणि त्याचे मित्र पास होऊन गेले होते. मला वाटलं, आता तरी कॅरम आमचा. जुलैत कॉलेजने जाहीर केलं की नोकरीच्या परीक्षांची तयारी करून घेणारे वर्ग शेवटच्या वर्षासाठी रोज तीन ते सहा घेतले जातील. जागा, उपक्रम केंद्र. टेबल टेनिसचं टेबल दुमडून भिंतीला लावलं, दोन्ही कॅरम त्याच्यामागे उभे केले आणि शंभर खुर्च्या मांडल्या. बाहेर पाऊस कोसळतोय आणि आत आम्ही ताशी साठ किलोमीटरने जाणाऱ्या आगगाड्यांची लांबी काढतोय. मी अर्ज केला नाही. कुणाला करायचा तेच कळेना.

ऑगस्टमध्ये एक दिवस शिकवणारेच मोशीला अडकले. वर्ग रद्द झाला. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं आणि उठून टेबलामागून चांगला कॅरम बाहेर काढला. हॉल खुर्च्यांनी भरलेला, म्हणून आम्ही दोघींनी तो उचलून व्हरांड्यात आणला आणि दोन बाकांवर टेकवला. दुसऱ्या वर्षाची दोन मुलं येऊन उभी राहिली. तिने त्यांना बसायला सांगितलं. वाऱ्याने पावसाचे थेंब बोर्डावर येत होते, ती ओढणीने ते पुसायची आणि मारायची. अर्ध्या तासात भोवती तीस-चाळीस जण जमले.

सर आले. हा बाहेर कोणी आणला, असं त्यांनी विचारलं. माझ्या तोंडात वर्षभराची उत्तरं तयार होती. पण ती मान वर न करता म्हणाली, "मी आणला, सर. एवढा डाव होऊ द्या."

मी म्हणाले, "दोघींनी आणला." सर थोडा वेळ उभे राहिले. ओलीमुळे सोंगट्या सरकत नव्हत्या आणि डाव संपायची चिन्हं नव्हती. मग ते निघून गेले.

आमच्या चार सोंगट्या बाकी असताना माझी बस आली, नेमकी त्याच दिवशी वेळेवर. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता. मी उठले आणि बघणाऱ्यांपैकी एक मुलगा माझ्या जागी बसला. भोसरी ओलांडल्यावर मी तिला मेसेज केला, काय झालं? तिचं उत्तर आलं, हरलो, तुझ्या जागी बसला त्याने राणी घेतली आणि कव्हर दिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर कॅरम हॉलमध्ये नव्हता. सरांनी तो आपल्या केबिनमध्ये नेऊन कपाटाच्या मागे उभा केला होता. प्रोजेक्टच्या सह्यांसाठी वर्षभर मला त्या केबिनमध्ये जावं लागलं. सर सही करेपर्यंत मी उभी राहायचे आणि कपाटामागून बाहेर आलेला त्याचा एक कोपरा आणि त्या कोपऱ्याची जाळी बघत राहायचे.